गाणी वाटणाऱ्यांचं जाळं कशाने विरलं?

प्रश्न : इंटरनेटवरून एकमेकांकडची गाणी उतरवून घ्यायच्या नॅपस्टर, काझा, लाइमवायर या सेवांची नावं मोठ्या भावाकडून ऐकली. हे सगळं कोर्टाने बंद पाडलं म्हणून संपलं, की लोकांनीच सोडून दिलं? आणि यात संगीताचं भलं झालं की वाटोळं?

उत्तर : कोर्टाने कंपन्या बंद पाडल्या. गाण्यांची देवाणघेवाण त्यानंतरही कित्येक वर्षं चालूच राहिली.

नॅपस्टर जून 1999 मध्ये आलं. ते लिहिणारा शॉन फॅनिंग तेव्हा अठरा वर्षांचा होता. नॅपस्टरच्या सर्व्हरवर गाणी नसायचीच. कोणाच्या संगणकावर कोणतं गाणं आहे याची यादी तेवढी तिथे असे, आणि फाईल एकाच्या संगणकावरून थेट दुसऱ्याच्या संगणकावर जाई. त्या यादीमुळे हवं ते गाणं क्षणात सापडे, आणि त्या यादीनेच नॅपस्टरचा घात केला. यादी तुमच्या ताब्यात आहे, तर विनापरवाना गाणी तिच्यातून काढणंही तुमच्याच हातात आहे, असं कोर्टाने धरलं. रेकॉर्ड कंपन्यांनी डिसेंबर 1999 मध्ये दावा लावला होता, एप्रिल 2000 मध्ये मेटॅलिका हा बँडही कोर्टात गेला. जुलै 2001 मध्ये सेवा थांबली.

पुढच्यांनी मग ती यादीच काढून टाकली. नुटेला या पद्धतीत एका संगणकाने शेजारच्याला विचारायचं, त्याने त्याच्या शेजाऱ्याला, असं करत गाणं सापडायचं. मधे कोणी मालकच नाही, तर बंद काय करणार? काझा आणि लाइमवायर त्यानंतर फोफावले. 2005 मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने ग्रोक्स्टर या अशाच सेवेच्या खटल्यात एकमताने सांगितलं की हक्कभंगाला उत्तेजन देण्याच्या हेतूने साधन वाटणारा स्वतः जबाबदार ठरतो. लाइमवायर तरीही ऑक्टोबर 2010 पर्यंत चाललं.

मधल्या काळात, सप्टेंबर 2003 पासून, रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने थेट श्रोत्यांवर खटले भरले. मिनेसोटातल्या एका बाईंवर 24 गाण्यांपोटी शेवटी 2 लाख 22 हजार डॉलरची भरपाई लादली गेली. मी ध्वनिमुद्रणाचं काम करते. कलाकाराचे पैसे बुडू नयेत असं मला मनापासून वाटतं. तरीही हा आकडा मला अन्यायाचाच वाटतो. त्या दंडातून कोणतंही गाणं नीट विकत मिळायची सोय झाली नाही.

आणि खरी उणीव तर त्या सोयीचीच होती. नॅपस्टर गेल्यावर 2001 च्या अखेरीस कंपन्यांनी स्वतःच्या सेवा काढल्या, पण वर्गणी थांबली की उतरवलेली गाणीही वाजायची बंद! त्यातही सगळ्या कंपन्यांची गाणी एका जागी मिळत नसत. एप्रिल 2003 मध्ये ॲपलने आयट्यून्स स्टोअर उघडलं. 99 सेंटला एक गाणं, अख्खा अल्बम घ्यायची सक्ती नाही. मग ऑक्टोबर 2008 मध्ये स्वीडनमधून स्पॉटिफाय आलं. यूटोरेंट हा फाईलवाटपाचा प्रोग्राम लिहिणारा लुडविग स्ट्रिगेउस त्यांच्या सुरुवातीच्या अभियंत्यांमध्ये होता, आणि पहिली काही वर्षं स्पॉटिफायही गाण्याचे तुकडे श्रोत्यांच्याच संगणकांवरून एकमेकांना पोचवत असे. तेच तंत्र, फक्त परवान्यासह. अर्धवट उतरलेली फाईल, भलत्याच नावाचं गाणं, व्हायरस, कंपन्यांनी मुद्दाम सोडलेल्या खोट्या फाईली, या सगळ्या कटकटीतून लोक सुटले. म्हणून त्यांनी जुनं सोडलं.

नुकसान मोठं झालं. अमेरिकेत ध्वनिमुद्रित संगीताची उलाढाल 1999 मध्ये सुमारे 14.6 अब्ज डॉलर होती. 2015 पर्यंत ती निम्म्याच्याही खाली आली. सगळा दोष फाईलवाटपाचा नाही. एकेक गाणं सुटं मिळू लागल्यावर अल्बमचा खपही बसणारच होता.

पण आणखी एक गोष्ट गेली, आणि तिची हळहळ मला जास्त आहे. नॅपस्टरवर एखाद्याकडे दुर्मिळ ध्वनिमुद्रण सापडलं की त्याच्याकडचा सगळा संग्रह उघडून बघता येई. मैफलीत कोणी केलेलं मुद्रण, वर्षानुवर्षं बाजारात नसलेल्या तबकडीवरची गाणी, रेडिओवरून टिपलेला कार्यक्रम. हे सगळं कोणा अनोळखी माणसाने जीव लावून जमवलेलं असायचं. आजच्या सेवांवर करार नसेल तर गाणं नाही, आणि असल्या मुद्रणांचा करार करायला बहुधा कोणी शिल्लकच नसतं.

प्रश्न : त्या काळातल्या एमपीथ्री फाईली सीडीवर आहेत, बहुतेक 128 केबीपीएसच्या (म्हणजे सेकंदाला 128 किलोबिट माहिती). त्या 320 मध्ये बदलल्या तर आवाज सुधारेल का?

उत्तर : नाही. सीडीवर चार मिनिटांचं गाणं साधारण 40 एमबी जागा घेतं, 128 च्या एमपीथ्रीत तेच जेमतेम 4 एमबीत बसतं. मोठ्या आवाजाखाली दबणारे बारीक आवाज कानाला जाणवत नाहीत, म्हणून ते कमी तपशिलाने साठवतात किंवा गाळून टाकतात. गेलेला तपशील पुन्हा येत नाही; बदलल्याने फाईल फुगेल, आणि दुसऱ्यांदा आकुंचन झाल्यामुळे आवाज थोडा बिघडेलच.

मूळ फाईली आहेत तशाच ठेवा. घरी लिहिलेल्या सीडीचा रंगाचा थर काळानुसार खराब होतो, तेव्हा त्या आताच हार्ड डिस्कवर उतरवून घ्या आणि दुसरी प्रत वेगळ्या जागी ठेवा. फाईलच्या नावावर विसंबू नका, तेव्हा गायकांची नावं सर्रास चुकीची टाकलेली असत. ऐकून खात्री करा आणि मगच नाव बदला.