कुकर नाही, एकच कढई आहे. भाज्या घालून अख्ख्या धान्याचं सोपं काय करता येईल?

तुमच्या प्रश्नातल्या अटी अशा: इंडक्शनची एकच शेगडी, झाकणाची एक कढई, कुकर नाही, आणि कामावरून आल्यावर पाऊण तासात जेवायला बसायचंय. ओट्सचा वीट आलाय. दलिया करून पाहिलात तर त्याचा गिचका झाला, म्हणून तो सोडून दुसरं काही सुचवा, असं म्हणताय.

मी तरी दलियाच सुचवणार. दुसरी धान्यं या अटींत बसवायला गेलं की कुठेतरी अडतं. अख्खी ज्वारी किंवा बाजरी रात्रभर भिजवली तरी कुकरशिवाय बराच वेळ शिजवत बसावी लागते. हातसडीचा तांदूळ उत्तम, पण उघड्या भांड्यात त्याला पाऊण तास सहज जातो आणि तोवर भाज्यांचा पत्ता राहत नाही. वरई झटपट होते, पण दुकानात मिळणारी पांढरीशुभ्र वरई बहुतेक वेळा कोंडा काढलेली असते, म्हणजे तुमचा मूळ हेतूच बाजूला पडतो. दलिया म्हणजे नुसता भरडलेला गहू. दाणा मोडला तरी कोंडा आणि अंकुर आतच राहतात, म्हणून त्याला अख्ख्या धान्यातच धरतात. आपला नेहमीचा रवाही गव्हाचाच, पण त्यातून हे दोन्ही काढून टाकलेलं असतं. शेजारी शेजारी ठेवून बघा, रंगावरूनच कळतं.

दलिया घेताना पाकीट उजेडात धरा. दाण्यांना तपकिरी साल चिकटलेली दिसली पाहिजे. वाण्याकडे ‘लापशी रवा’ म्हणूनही मागता येतो. मोकळा हवा असेल तर जाडच घ्या, बारीक दलिया खिरीला ठीक. सांगली, सातारा, कोल्हापूरकडचं कुणी गावाहून येणार असेल तर खपली गव्हाचा दलिया नक्की मागवा. त्या भागात आणि पलीकडे उत्तर कर्नाटकात खपली अजून पिकते आणि तिची खीर करतात. खपलीचा दाणा शिजायला थोडा जास्त वेळ घेतो, पण शिजल्यावरही अंग धरून राहतो. मॉलमध्ये बल्गर नावाने मिळतो तो मात्र वेगळा. तो गहू आधी उकडून, वाळवून मग भरडलेला असतो, त्यामुळे निम्म्या वेळात शिजतो. खाली दिलेलं पाण्याचं माप त्याला लावू नका.

आता गिचक्याबद्दल. तुम्ही लिहिलंय की पाणी बहुतेक जास्त झालं. असेलही, पण माझा संशय वेगळा आहे. भरडताना दाणा फुटतो, आतलं पीठ उघडं पडतं आणि पाकिटाच्या तळाशी तर नुसतं पीठच साचलेलं असतं. हे पीठ पाण्यात पडलं की खळ तयार होते आणि दाणे एकमेकांना चिकटतात. त्यात आपण सारखं ढवळलं की दाण्यांच्या कडा झिजून आणखी पीठ सुटतं. तेव्हा पाण्याचं माप बदलण्याआधी तीन गोष्टी करा: दलिया चाळणीने चाळून घ्या, खमंग भाजा आणि झाकण ठेवल्यावर कालथ्याला हात लावू नका. चाळणीतून खाली पडलेलं पीठ फेकू नका, कणकेत जातं.

भाजायचं कसं, तर कढईत चमचाभर तूप किंवा तेल आणि एक वाटी दलिया, आच मध्यमच्या खाली, सात-आठ मिनिटं. घाई केली तर खालचे दाणे काळपट होतात आणि वरचे कच्चे राहतात. रंगाकडे फार बघू नका, वासाकडे लक्ष ठेवा. आधी ओल्या पोत्यासारखा कोंडट वास येतो, तो जाऊन खरपूस वास सुटला आणि दाणा हाताला हलका, सळसळीत लागला की झालं. भाजल्याने दाण्यातला ओलावा जातो, वर तुपाचा पातळ थर बसतो आणि मग तो पाणी हावरटासारखं न ओढता सावकाश पितो. रविवारी अर्धा किलो एकदम कोरडाच भाजून ठेवलात तर आठवड्यातल्या प्रत्येक दिवशीची सात-आठ मिनिटं वाचतील. भाजलेला दलिया ताटलीत काढा आणि कढई न धुता तशीच पुन्हा शेगडीवर ठेवा.

लोक दलियाचा उपमा करतात, मोहरी-कढीपत्त्याचा. तो वाईट नसतो, पण गव्हाच्या कोंड्याला स्वतःची एक भारदस्त चव असते आणि उपम्याची हलकी फोडणी तिच्यापुढे फिकी पडते. म्हणून मी त्याला मसालेभाताच्या वळणावर नेते. दोन चमचे तेल, मोहरी, जिरं, हिंग, हळद, एक तमालपत्र, दोन लवंगा, आलं-मिरची ठेचून. गोडा मसाला दीड चमचा. घरून डबा येत असेल तर त्यात गोडा मसाल्याची पुडी मागून घ्या, विकतच्यात दगडफूल आणि खोबरं हात आखडून घातलेलं असतं असं माझं मत आहे. मिळालाच नाही तर धने-जिरे पूड आणि चिमूटभर गरम मसाला यावर भागेल, पण मग त्याला मसालेभाताच्या वळणाचा म्हणू नका.

भाज्या एकूण दोन वाट्या. कुठल्या घ्यायच्या यापेक्षा कधी घालायच्या याला महत्त्व आहे. एकाच भांड्यात सगळं करायचं तर तुमच्याकडे वेगळं उकडून घ्यायची सोय नाही, तेव्हा क्रम सांभाळायला हवा. तोंडली, गाजर, फरसबी यांना वेळ लागतो. त्या फोडणीतच टाकून चार-पाच मिनिटं झाकण ठेवून अर्धवट मऊ करून घ्या. तोंडली उभी चिरून चार फाका, नाहीतर दलिया शिजला तरी ती दाताखाली करकरतात. फ्लॉवरचे तुरे आणि ताजे मटार त्यानंतर, पाणी घालायच्या जरा आधी. फ्रीजरमधले मटार असतील तर अगदी शेवटी. ढोबळी मिरची आणि पालक-मेथीसारखी पालेभाजी दलिया शिजल्यावर, फक्त मुरताना आतल्या वाफेवर. टोमॅटो घालणार असाल तर तोंडली-गाजर अर्धवट शिजल्याशिवाय घालू नका. आंबटपणाने भाज्या मऊ व्हायला वेळ लागतो, डाळीचंही तसंच. वांगं मला यात फार आवडतं, पण ते तळाला चिकटून फुटतं, म्हणून मोठ्या फोडी करा आणि फ्लॉवरबरोबर घाला. कोबी, दुधी नको. दोन्ही पाणी सोडतात आणि तुम्हाला ज्यातून सुटायचंय तिथेच परत नेऊन सोडतात.

थंडीत संक्रांतीच्या सुमाराला बाजारात पावटे, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, ओल्या शेंगा असं भोगीच्या भाजीचं सगळं सामान एकत्र मिळतं. तेच दलियात घाला आणि वरून भाजलेल्या तिळाचं कूट. वर्षातला सगळ्यात चविष्ट दलिया तो.

भाज्यांसोबत मूठभर मोड आलेली मटकी किंवा अर्धा तास भिजवलेली मूगडाळ नक्की घाला. गव्हात लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि कडधान्यात ते भरपूर असतं, त्यामुळे दोघांची जोडी जमते. वरण वेगळं करायची गरज उरत नाही. आदल्या दिवशी मटकी भिजवणं लक्षात राहत नसेल तर शेंगदाणे. तेही नसतील तर ताटात वाटीभर दही.

पाणी. एक वाटी जाड दलियाला अडीच वाट्या. शेगडी एकच असल्यामुळे वेगळं पाणी उकळत ठेवता येणार नाही, म्हणून परतलेल्या भाज्यांवरच अडीच वाट्या पाणी ओता, मीठ घाला, आणि खळखळून उकळी फुटू द्या. मग भाजलेला दलिया त्यात सोडा. गार पाण्यात दलिया टाकून दोन्ही एकत्र तापवायचं, असं करू नका. पाणी तापेस्तोवर दाणा बाहेरून फुगून मऊ होतो. उकळत्या पाण्यात पडला की एकदा तळापासून वर करा, बाजूला लागलेले दाणे खाली ओढा, आणि आच अगदी मंद.

आता झाकण. झाकणाऐवजी कढईवर खोलगट थाळी ठेवून तिच्यात अर्धी वाटी पाणी घाला. वर पाणी असलं की खालची वाफ थाळीला लागून परत आत ठिबकते, आणि वरचं पाणीही आपोआप गरम होतं. पंधरा मिनिटांनी झाकण काढून मधला एक दाणा बोटांत दाबून बघा. मध्ये पांढरा टिपका दिसला तर थाळीतलं ते गरम पाणी कडेने सोडा आणि आणखी चार-पाच मिनिटं द्या. या एका युक्तीमुळे पाण्याचं माप तंतोतंत जमलं नाही तरी फारसं बिघडत नाही. तुमची वाटी आणि माझी वाटी सारखी नसणार, म्हणूनच पाणी आणि दलिया दोन्ही एकाच वाटीने मोजा, आणि सुरुवातीला पाणी कमीच घाला. नंतर वाढवता येतं, कमी करता येत नाही.

इंडक्शनची एक खोड आहे. बऱ्याच साध्या शेगड्या कमी आकड्यावर सलग मंद तापत नाहीत, थोडा वेळ जोरात तापून थोडा वेळ बंद होतात, आणि तेही कढईचा मधला भागच जास्त तापतो. त्यामुळे मध्ये बुडाला लागून कडेला कच्चं राहतं. कढई जाड बुडाची हवी. पातळच असेल तर शिजताना दर चार मिनिटांनी कढईच थोडी बाजूला सरकवा, आतलं ढवळू नका.

शेगडी बंद केल्यावर लगेच झाकण उघडायचा मोह आवरा. दहा मिनिटं मुरू द्या. उरलेलं पाणी त्या वेळात दाण्यात जिरतं आणि दलिया मोकळा होतो. लगेच उघडून कालथा घातलात तर वर केलेली सगळी मेहनत पाण्यात. ढोबळी मिरची, पालक याच वेळी वर पसरून ठेवा. मग काट्याने किंवा कालथ्याच्या कडेने हलकेच सैल करा, कोथिंबीर, असेल तर ओलं खोबरं, चमचाभर तूप आणि लिंबू. लिंबू टाळू नका. धान्य-कडधान्यातलं लोह शरीरात शोषलं जायला त्यातलं क जीवनसत्त्व मदत करतं, आणि शिजवताना घातलं तर ते बरंचसं नष्ट होतं, म्हणून पानात वाढल्यावरच पिळा.

एका वाटीत दोन वेळचं होतं, किंवा फारच भूक असेल तर दीड वेळचं.

गव्हाचं वावडं असलेलं कुणी तुमच्याकडे जेवायला येणार असेल तर हेच ज्वारीच्या कण्यांचं करता येतं. ज्वारीत ग्लुटेन नसतं. सोलापूरकडची मालदांडी भरडून आणलीत तर उत्तम, मंगळवेढ्याच्या ज्वारीला तर भौगोलिक मानांकनही आहे. पण कण्या मोकळ्या होतील ही आशा सोडा. त्यांना चौपट पाणी लागतं आणि त्या आसटच चांगल्या लागतात. मसाला, लवंगा काही नको. फोडणीत लसूण जास्त, भाज्या बारीक, आणि शिजून कोमट झाल्यावर वरून ताक. विदुराघरच्या कण्या कृष्णाने आवडीने खाल्ल्या म्हणतात, त्यात काही अतिशयोक्ती वाटत नाही.

साठवण थोडी जपावी लागते. कोंडा आणि अंकुर असल्याने दलियात थोडं तेल असतं आणि ते कालांतराने खवट होतं. पावसाळ्यात जाळीही लवकर धरते. एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त आणू नका. फ्रीज असेल तर घट्ट झाकणाच्या डब्यात तिथेच ठेवा, नसेल तर कोरडा भाजून ठेवलेलाच बरा टिकतो.

उरलेला दलिया लगेच गार करून फ्रीजमध्ये टाका. दुसऱ्या दिवशी तो दगड झालेला असेल. पाण्याचा हबका मारून झाकण ठेवून एक दणदणीत वाफ आणली की परत मऊ होतो. मला विचाराल तर गरम करत बसू नका. हाताने कुस्करा, त्यात मावेल तेवढं बेसन, कांदा, तीळ, तिखट घालून गोळा मळा, गार कढईला तेल लावून त्यातच थालीपीठ थापा, मध्ये भोक पाडून तेल सोडा आणि झाकण ठेवून मंद आचेवर खरपूस होऊ द्या. कढईचा तळ सपाट असल्यामुळे हे इंडक्शनवर गॅसपेक्षाही छान जमतं.