बॉल पायथनसाठी (पाळला जाणारा आफ्रिकी अजगर) प्लायवूडची पेटी घरीच बनवली, तर मुंबईच्या पावसाळ्यात टिकेल का?

टिकेल, पण मरीन प्लाय (ओलाव्यात टिकणारा प्लायवूड) घ्या आणि प्रत्येक कड नीट सील करा. मी सुतारकाम करतो, अशा पेट्या बनवून दिल्या आहेत. प्लाय सपाट बाजूने क्वचितच खराब होतो, पाणी शिरतं ते कापलेल्या कडेतून. तिथे थर सुटून फुगले की दार सरकत नाही. म्हणून कापल्यावर लगेच कडांना पाण्यात मिसळणाऱ्या पॉलियुरेथेन वॉर्निशचे दोन-तीन हात द्या, आतले सांधे सिलिकॉनने भरा आणि वास पूर्ण जाईपर्यंत साप आत सोडू नका.

मोठ्या सापाला ४ x २ x २ फूट पेटी हवी. समोर सरकत्या काचा, त्यांना कुलूप हवंच, कारण नाकाने ढकलून तो काच सरकवतो. एक बाजू ३१-३३ अंश, दुसरी २५-२७. हीटर थर्मोस्टॅटशिवाय (तापमान आपोआप राखणाऱ्या यंत्राशिवाय) कधीच लावू नका, आणि आतल्या बल्बला जाळी बसवा, नाहीतर साप त्याला वेटोळे घालून भाजून घेतो. जुलैत मुंबईची हवा आधीच दमट असते, त्यामुळे पाणी फवारण्यापेक्षा झरोक्यांकडे लक्ष द्या. एका बाजूला खाली, दुसऱ्या बाजूला वर.

हे सगळं परदेशी सापापुरतंच. नाग, धामण, आपला अजगर घरी ठेवणं वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार गुन्हा आहे. बॉल पायथनचीही परिवेश या सरकारी पोर्टलवर नोंदणी लागते. ती झाली नसेल, तर लाकूड आणण्याआधी ते काम उरका.