मावशींची पेन्शन तटलीय कुठं?

प्रश्न : आमच्याकडं धुण्याभांड्याला येणाऱ्या मावशी सुतारवाड्यात राहतात, वय 68, मालक वारलेत, एकच मुलगी ती लग्न होऊन गेली. त्यांना श्रावणबाळ योजनेच्या पेन्शनचे महिन्याला 1500 मिळायचे, ते सात महिने झाले बंद आहेत. बँकेत गेलं की म्हणतात तहसीलला विचारा, तिथं गेलं की म्हणतात आमच्याकडनं पैसे सोडलेत, बँकेत बघा. एक जण तर दोन हजार द्या, करून देतो म्हणाला. आमचे मिस्टर म्हणतात असल्या योजनाच बंद करायला पाहिजेत, गरजूला मिळत नाही आणि चारचाकीवाल्या बायका लाडकी बहीणचे पैसे उचलतात. मी काय करू? – एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : ताई, आधी त्या दोन हजारवाल्याला सांगा की नको बाबा, आमचं आम्ही बघतो. आणि एक लक्षात घ्या, बँक आणि तहसील दोघंही खरं बोलत असू शकतात. हे पैसे आता आधारवर जातात, पासबुकावर नाही. म्हणजे आधार ज्या खात्याला सगळ्यात शेवटी जोडलं गेलं त्यात पडतात, मावशी दाखवतात ते खातं कुठलं का असेना. आमच्या गल्लीतल्या एका आजींचं हेच झालेलं, बचत गटाच्या कर्जासाठी कधीतरी दुसऱ्या बँकेत खातं काढलेलं आणि विसरून गेलेल्या, इकडं त्या बीपीच्या गोळ्या उधारीवर आणतायत आणि पैसे तिकडं साचतायत. पासबुक भरून घेतलं तर खालोखाल 1500, 1500, 1500 अशा नोंदी. आजींना वाचता येत नाही, त्या नुसत्या त्या नोंदींवरनं बोट फिरवत बसलेल्या, आणि तेवढ्यात त्यांची शेजारीण म्हणाली की अगं मग उधारी कशाला केलीस. मला अजून ते डोळ्यासमोर दिसतं. तर आधार कुठल्या बँकेला जोडलंय ते यूआयडीएआयच्या, म्हणजे आधार देणाऱ्या सरकारी संस्थेच्या साइटवर दिसतं, फक्त मोबाइल नंबर आधारला जोडलेला पाहिजे कारण ओटीपी येतो.

तिथंही पैसे नसले तर वर्षातनं एकदा द्यायचा हयातीचा दाखला राहिलाय का बघा. आणि अंगठा. चाळीस वर्षं भांड्याची पावडर आणि राख लावलेले हात आहेत ते, रेषाच राहत नाहीत, मशीन घेत नाही. रेशनच्या केवायसीसाठी आता चेहऱ्यावरनं करायचं ॲप आहे, तिथंही अडलं असेल तर ते वापरा, नाहीतर धान्य पण बंद व्हायचं.

आता जे मला मनापासनं बोलायचंय ते. या पेन्शनसाठी दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव नसेल तर कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न 21,000 च्या आत लागतं, कित्येक वर्षं हाच आकडा आहे. महिन्याला 1750, दिवसाला 58 रुपये सुद्धा नाहीत. दोन-तीन घरची भांडी घासली तरी माणूस त्याच्या वर जातो. मग तलाठ्याकडं, सेतूत सगळ्यांना माहीत असतं की दाखल्यावर आकडा बसवायचा आहे, आणि ज्या बाईनं उभ्या जन्मात कुणाचा रुपया बुडवला नाही तिला कागदावर खोटं बोलायला लागतं. एकदा तसं झालं की ती दबून राहते, हक्कानं विचारायला जात नाही, कारण उद्या कुणी दाखलाच काढून दाखवला तर? दोन हजार मागणाऱ्यांचा धंदा ह्याच भीतीवर चालतो. आणि त्याच राज्यात, त्याच 1500 रुपयांसाठी लाडकी बहीणला मर्यादा अडीच लाखाची. वय मात्र 65 पर्यंतच, म्हणजे मावशी त्यातनं बाहेर.

तुमच्या मिस्टरांचा राग खोटा नाही हो, 2 हजारांवर सरकारी कर्मचारी बायकांनी लाडकी बहीणचे पैसे घेतल्याचं 2025 मध्ये सरकारनंच सांगितलं. पण त्याची शिक्षा मावशींना कशाला? केंद्राकडनं साठीच्या पुढच्या गरिबांना जी पेन्शन येते त्यातला केंद्राचा वाटा 80 वर्षांपर्यंत 200 रुपये आहे, कित्येक वर्षं तेवढाच, बाकीचं राज्य घालतं. त्याच देशात 2022-23 साली वरच्या 1 टक्का लोकांकडं 40 टक्के संपत्ती होती असा अर्थतज्ज्ञांचा हिशोब आहे. तिजोरी 1500 रुपयांनी रिकामी होत नसते.

तोंडी विचारत बसू नका. मावशींच्या नावानं साधा अर्ज लिहा, कुठल्या महिन्यापासनं बंद, का बंद, पैसे कुठल्या खात्यावर सोडले एवढंच विचारा आणि दुसऱ्या कॉपीवर पोच घ्याच, शिक्का आणि तारीख दिसली पाहिजे. उत्तर नाही आलं तर माहिती अधिकारात 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून हेच विचारायचं, 30 दिवसांत द्यावं लागतं. आणि ताई, शक्यतो तुम्ही स्वतः सोबत जावा, शिकलेलं माणूस बरोबर असलं की खिडकीवरचं बोलणं बदलतं, हे वाईट आहे पण खरं आहे. फक्त मावशींचा त्या दिवसाचा खाडा धरू नका.