सोयाबीन विकता, आता खाऊनही बघा

प्रश्न : दारव्हा तालुक्यात माझं कृषी सेवा केंद्र आहे. टार्गेट पूर्ण झालं म्हणून एक कंपनी आम्हा डीलर लोकांना सपत्नीक जावा बेटावर, योग्यकर्ता शहरात नेत आहे. मुक्काम, नाश्ता हॉटेलातच. मी सगळं खातो, पण घरची मंडळी माळकरी. मांस, मासळी, अंडं चालत नाही. सोबतचे लोक तिखट पुऱ्यांचे डबे भरताहेत. आम्हीही तेच करावं का?
— एक वाचक, जि. यवतमाळ

उत्तर : भाऊ, पुऱ्या विमानापुरत्या न्या. हॉटेलात सकाळी ब्रेड-जॅमकडे वळू नका, जावानीज पदार्थांची भांडी कुठं मांडलीत ते शोधा. तिथं टेंपे दिसेल. ते तुमचंच सोयाबीन! भिजवून, साल काढून, शिजवून त्याला खास बुरशीचं विरजण लावतात आणि केळीच्या पानात गुंडाळून दीड-दोन दिवस ठेवतात. पांढऱ्या बुरशीनं दाणे घट्ट बांधले जाऊन वडी तयार होते. आपल्या यार्डात बुरशी दिसली की व्यापारी भाव पाडतो, आणि इथं तिचेच पैसे! (पावसात भिजलेल्या मालावर घरी हा प्रयोग करू नका, ती बुरशी वेगळी.) तळलेलं टेंपे वहिनींना नक्की आवडेल.

गुडेग ही योग्यकर्ताची शान. कोवळा फणस नारळाचं दूध आणि माडाच्या गुळात तासन्‌तास शिजवतात. तपकिरी रंगासाठी सागाची पानं घालतात. मी पुसदची, गोड भाजी म्हटलं की कपाळाला आठी पडते, पण दुसऱ्या घासाला गप्प झाले. मात्र वहिनींसाठी जपून. त्यात कोंबडी, अंडी असतात, आणि बाजूचं लालभडक क्रेचेक म्हणजे जनावराचं कातडं. दिसायला फणसाची भाजी म्हणून ताट वाढून घेऊ नका.

खरी फसगत दिसणाऱ्या मांसात नाही, तेरासीत आहे. ही आंबवलेल्या कोळंबीची चटणी; मिरचीच्या सांबालमध्ये हमखास पडते, आणि उकडलेल्या भाज्यांवरच्या शेंगदाण्याच्या रश्श्यातही कधी कधी. पापडसुद्धा बहुधा कोळंबीचे. 'तान्पा तेरासी' (tanpa terasi), म्हणजे तेरासीशिवाय, एवढं इंग्रजी अक्षरांत कागदावर लिहून खिशात ठेवा आणि वाढणाऱ्याला दाखवा. नासी गोरेंग, म्हणजे परतलेला भात, समोर करून देत असतील तर अंडं आणि मासळीचा सॉस घालू नका म्हणावं. तिखटाची सोय म्हणून जवसाची चटणी डबीभर असू द्या.

हळद-चिंचेचा जामू, म्हणजे तिथलं औषधी पेय, मिळाला तर घ्या. जामूच्या या परंपरेची युनेस्कोनं 2023 मध्ये दखल घेतली. चव मात्र आजीच्या काढ्याचीच.

गोडात क्लेपोन : तांदळाच्या पिठीच्या हिरव्या गोळ्या, आत पातळ गूळ, वरून खोबरं. अख्खी तोंडात टाका. अर्धी चावली की पाक थेट सदऱ्यावर, आणि कंपनीची मीटिंग नाश्त्यानंतरच असते.