पोळ्याची कर, बालोद्यान आणि सणापुरती दारूबंदी

पोळा आणि त्याची कर, म्हणजे दुसरा दिवस, जवळ आली की पत्रांचा सूर ठरलेला. उद्यानात, तलावाच्या पाळीवर, शाळेच्या पटांगणात दारू प्यायला बसणाऱ्यांना सणाचे दिवस तरी कसं आवरायचं? गेल्या साली या सदरात लिहिलं होतं, पण मोबाईलवर फिरणारा मजकूर लोकांना जास्त खरा वाटतो. म्हणून पुन्हा.

ग्रामपंचायतीने बालोद्यानाच्या फाटकावर फलक लावला आहे : 'पोळा ते कर मद्यपानास सक्त मनाई, ५,००० रुपये दंड'. एक जण म्हणतो, हा दंड बेकायदा आहे. (सरपंच, घाटंजी तालुका)

मनाई ठीक. उद्यान पंचायतीचं आहे. ते किती वाजता उघडायचं, कधी कुलूप लावायचं, हे ठराव करून ठरवा. पण ५,००० हा आकडा कुठून आणला? कोणत्या कलमाखाली, कोणत्या मंजूर उपविधीखाली? आधार नसेल तर तो दंड नाही, वसुली आहे, आणि पावती न देता घेतला तर सरपंचच अडचणीत येतो. दुसरं म्हणजे 'पोळा ते कर' हे शब्द पुसा. सार्वजनिक जागेत दारू पिण्याची मुभा वर्षातल्या कोणत्याच दिवशी नाही. तुमचा फलक वाचून करीनंतर प्यायला बसायला हरकत नाही असं वाटतं. नवा मजकूर रंगवण्याआधी गटविकास अधिकाऱ्यांना दाखवा.

माझ्याकडे पिण्याचा परवाना आहे. उद्यानात शांतपणे बसलो तर? (वाचक, मोर्शी)

नाही.

पोळा, तान्हा पोळा आणि करीला गावातलं देशीचं दुकान बंद ठेवायचं आहे. ठाणेदार म्हणतात तहसीलदारांकडे जा, तहसीलदार म्हणतात उत्पादन शुल्कवाल्यांकडे जा. (वाचक, दारव्हा)

अधिकार जिल्हाधिकाऱ्यांचा. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९, कलम १४२ : सार्वजनिक शांततेसाठी गरज वाटली तर ते परवानाधारकाला लेखी आदेश देऊन ठरावीक वेळ दुकान बंद ठेवायला लावू शकतात. पोळ्याला असे आदेश विदर्भात निघालेले आहेत. पण अर्ज बैलांचे खांदे शेकायच्या, म्हणजे पोळ्याच्या आदल्या दिवशी नेऊन कसं चालेल? महिनाभर आधी द्या, पोच घ्या, प्रती पोलीस अधीक्षक आणि उत्पादन शुल्क अधीक्षकांना द्या. 'गावाचं वातावरण बिघडतं' एवढंच लिहू नका. मागच्या करीला मारामारी झाली असेल तर तिचा गुन्हा क्रमांक टाका. आदल्या संध्याकाळी दुकानदार 'उद्या बंद' अशी पाटी लावून दुप्पट माल खपवतो आणि तोच माल दुसऱ्या दिवशी पानटपरीवरून चढ्या भावाने निघतो, हेही अर्जात असू द्या. अर्जाचा मसुदा वकिलाकडून एकदा तपासून घ्या.

आम्ही बचत गटाच्या बाया. उद्यानामागच्या पडक्या खोलीत एक जण देशी आणि मोहाची विकतो. मागच्या पोळ्याला आम्ही आत शिरून सगळं फोडलं. पोलीस म्हणाले, आता जप्त काय करू? उलट त्यानेच आमच्यावर तक्रार दिली. यंदा काय करावं? (वाचक, समुद्रपूर तालुका)

बायांनो, यंदा एकही बाटली फोडू नका. तुमचा राग समजतो. तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदी ओढत अनवाणी चाललेल्या लेकराच्या टाचेत पव्व्याची काच घुसते, तेव्हा कोणाचंही डोकं फिरेल. पण तुमचा वर्धा जिल्हा १९७४ पासून दारूबंदीचा आहे. तिथे विकायला ठेवलेली प्रत्येक बाटली हा त्याच्याविरुद्धचा पुरावा आहे आणि तो तुम्ही स्वतःच्या हातांनी मातीत ओतलात. कोर्टात आरोपीच्या वकिलाचा पहिला प्रश्न असतो, मुद्देमाल कुठे आहे? ओल्या मातीचा वास कोर्टात दाखल होत नाही.

खोलीच्या बाहेरच थांबा. ११२ ला फोन लावा, वेळ लिहून ठेवा, पोलीस पाटलाला बोलवा. फोटो काढा, पण डबकीचा (कॅनचा) फोटो डबकीत काय होतं ते सांगत नाही. त्यासाठी पोलिसांनी पंचांसमोर नमुना काढायला हवा, बाटलीला लाखेचं सील हवं, लेबलवर पंचांच्या सह्या हव्यात आणि ती बाटली नागपूरच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जायला हवी. हा अहवाल नसेल तर मोहाची दारू कोर्टात नुसतं पाणी ठरते. पंच तुमच्याच गटातले नकोत, 'वैरातून सही केली' असं म्हणायला जागा राहते. आणि जो पंच होईल त्याने पंचनामा वाचून सही करावी. कोऱ्या कागदावर सह्या करणारे आणि तीन वर्षांनी साक्षीच्या पिंजऱ्यात 'मला काही आठवत नाही' म्हणणारे पंच पाहून मी विटलो आहे. यातला एक दुवा निसटला तरी दारू विकणारा सुटतो आणि करीच्या आत पुन्हा त्याच खोलीत बसतो.

तुमच्यावरच्या तक्रारीकडे दुर्लक्ष करू नका. दुसऱ्याच्या जागेत शिरून नुकसान केल्याचा आरोप गंभीर असतो. तालुका विधी सेवा समितीकडे जा, स्त्रियांना तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. जबाब त्याच्या सल्ल्यानेच द्या.

३१ डिसेंबरला लॉन घेतोय. मालक म्हणतो, 'दारूची परवानगी आमच्याकडे कायमची आहे.' (वाचक, वरूड)

असली कायमची परवानगी नसते. कार्यक्रमाचा परवाना त्या जागेचा आणि त्या तारखेचा असतो. प्रत मागा. 'साहेबांशी बोलणं झालंय' हा परवाना नव्हे. शंका असेल तर उत्पादन शुल्क कार्यालयात विचारून मगच आगाऊ रक्कम द्या.

तान्ह्या पोळ्यात पिऊन गोंधळ घालणाऱ्या पोट्ट्याला दहाच रुपये दंड होतो म्हणतात. खरं का? (वाचक, राळेगाव)

दहा रुपये जुन्या दंड संहितेत होते. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम ३५५ लागू आहे : २४ तासांपर्यंत साधी कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, दोन्ही, किंवा समाजसेवा. दारूबंदी कायद्याचं कलम ८५ वेगळं लागतं. गाडी चालवत आला असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८५ आहेच, पहिल्याच वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. मात्र तपासणी त्याच रात्री ग्रामीण रुग्णालयात झाली पाहिजे. सकाळी नेलं तर रक्तातली दारू उतरलेली असते आणि केसही. गुन्हा नोंदला गेला असेल तर वकील गाठा. पोट्टा तुमचा की शेजाऱ्याचा, ते पत्रात लिहिलेलं नाही.