पोराला पहिल्यांदा गडावर नेताय?

मुलगा आठेक वर्षांचा असेल, तर कळसूबाई सध्या राहू द्या. १६४६ मीटरचं शिखर त्याला नाही, तुम्हाला हवंय. लोणावळ्याजवळचा लोहगड करा. पुणे-लोणावळा लोकलने मळवलीला उतरून चालत निघा, वाटेत भाजे लेणी बघा. गडावर पायऱ्या आहेत. पावसाळ्यातला रविवार टाळा, दरवाज्यात नुसती जत्रा असते. दिवाळीनंतरचा शनिवार उत्तम.

त्याची सॅक त्याच्याच पाठीवर: पाणी, चिक्की, टोपी, बस्स. तो पुढे, तुम्ही मागे. सरडा बघत बसला तर बसू द्या. गणेश, नारायण, हनुमान आणि महादरवाजा हे गडाचे चार दरवाजे त्यालाच शोधायला लावा. शिवरायांवरचं व्याख्यान तेवढं आवरा, विचारेल तेव्हा सांगा. चालता चालता पोरं शाळेतलं जे काही बोलून जातात, ते घरी समोर बसवून विचारलं तर ‘काही नाही’ म्हणतात. म्हणून मोबाइल खिशात ठेवा.

विंचूकाट्यावर, म्हणजे गडाच्या लांब अरुंद माचीवर, मात्र हात धरायचाच, दोन्ही बाजूंना कडा आहे. तिथे लाड नाहीत. रडकुंडीला आला तर विंचूकाटा सोडून द्या आणि सरळ खाली पायथ्याच्या लोहगडवाडीत जेवायला उतरा. परतीच्या लोकलची वेळ आधीच बघून ठेवा, दुपारी गाड्या कमी असतात.