उत्क्रांती शिकताना देवाचं काय करायचं?

प्रिय,

तुझा मेसेज दोनदा वाचला. उत्क्रांती खरी मानली तर देव सोडावा लागेल आणि देव मानला तर वर्गात खोटं बोलल्यासारखं होईल, आणि हे आत्ताच्या आत्ता ठरवायचंय असं काहीसं लिहिलंयस. अगं थांब जरा, एवढी घाई कसली.

आधी पुरावे नीट बघ, तिथे कच्चं राहू नकोस. चिंपांझी, गोरिला यांच्यात क्रोमोसोमच्या (म्हणजे पेशीतली गुणसूत्रं, ज्यांत आनुवंशिक माहिती असते) २४ जोड्या आणि आपल्यात २३, मग एक गेली कुठे? तर आपला दोन नंबरचा क्रोमोसोम दोन जुने क्रोमोसोम टोकाला टोक जोडून बनलाय, आणि एरवी फक्त टोकांना असणाऱ्या खुणा त्या जोडाच्या जागी आजही सापडतात. श्रद्धा वाचवायला म्हणून असलं काही नाकारू नकोस, प्लीज. विज्ञानाला अजून जे कळलं नाही तिथे देवाला बसवलं तर पुढचा शोध लागला की त्याला उठावं लागतं, आणि अशी श्रद्धा कायम घाबरलेली राहते.

पण उत्क्रांती म्हणजे देव नसल्याचं सर्टिफिकेट, हेही मला पटत नाही. अमेरिकेत डार्विनची बाजू लढवणारे हार्वर्डचे वनस्पतिशास्त्रज्ञ आसा ग्रे स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होते. आणि डार्विनने १८७९ मध्ये एका पत्रात साफ लिहिलंय की माणूस कट्टर आस्तिक आणि उत्क्रांतीवादी दोन्ही असू शकतो, याबद्दल शंका घेणंच त्याला विचित्र वाटत होतं. स्वतःला तो अज्ञेयवादी म्हणायचा, म्हणजे देव आहे की नाही हे कळू शकत नाही असं मानणारा, नास्तिक नाही.

खरी अडचण मला विचारशील तर वेगळीच आहे. पृथ्वीचं वय, माकड आणि माणूस, यावर लोक भांडतात पण ते तुलनेने सोपं आहे गं. नैसर्गिक निवड, म्हणजे परिस्थितीला जुळणारे जीव टिकतात आणि त्यांचीच पुढची पिढी वाढते ती प्रक्रिया, चालते तीच मुळी बहुतेक जीव वाढायच्या आधी मरतात म्हणून, करोडो वर्षं हेच चाललंय, मग हे सगळं दयाळू देवाने योजलं असं कसं म्हणायचं? काही गांधीलमाश्या जिवंत अळीच्या अंगात अंडी घालतात आणि पिल्लं तिला आतून खातात, हे दयाळू आणि सर्वशक्तिमान देवाने मुद्दाम केलं असेल हे डार्विनच्या मनाला पटेना. त्याची मुलगी ॲनी १८५१ मध्ये दहा वर्षांची असताना गेली होती, म्हणजे दुःख म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकायला नको होतं. याचं उत्तर माझ्याकडेही नाही, इतकी वर्षं शिकवूनही, आणि कोणी दोन वाक्यांत दिलं तर, श्रद्धाळू असो की नास्तिक, मी जरा सावधच होते.

तो गांधीलमाशीचा उल्लेख ग्रेंना लिहिलेल्या पत्रात आहे, २२ मे १८६० चं. नियम योजलेले असतील आणि बारीकसारीक तपशील योगायोगावर सोडलेले असतील असं काहीसं तो त्यात म्हणतो आणि लगेच कबूल करतो की यानेही माझं समाधान होत नाही. ते पत्र आधी वाच, मग फोन कर, रात्री उशिरा केलास तरी चालेल.